पाव्हणं, बरणी अजून फ्रिजमध्ये आहे

त्या रविवारी बेसमेंटमध्ये कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीच्या मनाचं आहे. तुम्ही होता, पाव्हणं. मी होते, त्या उलट्या घातलेल्या दुधाच्या क्रेटवर, खाली उशी घेऊन. माझी सुजाता होती, पण जिन्यावर. तिला तो उकळता वास सोसत नाही, तुमचं ते काम चालू असलं की ती तोवर खालच्या पायरीपर्यंत कधी आलीच नव्हती. शेजारचा टोनी होता, त्याची नळी परत न्यायला आला आणि बसूनच राहिला. आणि तुमची ईशा ओटाव्याहून फोनमध्ये होती. तो फोन तुम्ही साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता, म्हणून तिलाही धरते. एवढीच माणसं. ह्या एवढ्यांच्या समोर तुम्ही बरणीतलं पांढरं त्या मोठ्या बादलीत ओतलं आणि म्हणलात, "आई, हे शेवटचं. याच्यानंतर नवीन पाकीट आणीन."

मी म्हणलं, "का?"

तुम्ही म्हणलात, "बघू. बाटल्या भरताना बोलू."

गुरुवारी सकाळी तुम्ही उठला नाहीत.

आता हे बोलणं कुणाशी पुरं करायचं ते मला कळत नाही. म्हणून तुमच्याशीच करतेय. ईशानं फोनमध्ये असं करून दिलंय की मी बोलते आणि ते आपोआप लिहिलं जातं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात द्यायचंय, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही मधून मधून सांगावं लागेल. रागावू नका.

आमच्या बार्शीकडं जावयाला पाव्हणं म्हणतात. तुम्ही नागपूरचे, तुम्हाला पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं. "आई, घर माझं, मॉर्गेज माझं, बर्फ मी शोव्हल करून राहिलो, अन् पाहुणा काहून मी? पाहुण्या तर तुम्ही ना." मी म्हणलं, मला दुसरं तोंडात बसत नाही, जावयाचं नाव घ्यायची सवय नाही. तेव्हापासून पाव्हणंच राहिलात. आता भेटायला आलेले लोक विचारतात, "आजी, तुम्ही इथं कायमच्या का आता?" मी नुसती मान हलवते. हो की नाही ते त्यांचं त्यांनी समजावं. तुमच्या घरात तुमच्याशिवाय राहणारी मी कोण, ते माझं मलाच उमगलेलं नाही.

मी इथं आले तेव्हा ईशा शाळेत होती. टोरंटोजवळच्या वॉनच्या ह्या घरात आल्या आल्या सुजातानं वरची खोली दाखवली, वॉशरूम दाखवली, आणि म्हणाली बेसमेंटमध्ये लाँड्री आहे. मी जिन्यानं चार पायऱ्या उतरले आणि तो वास आला. आंबलेला. पाय तिथंच थांबले.

तुम्हाला तो वास कुठला ते मी कधी पुरतं सांगितलं नाही. सुजातानं सांगितलं असेल थोडं. तिचा बाप हातभट्टीची प्यायचा. भट्टी ओढ्याच्या पलीकडं होती, सडका गूळ आणि नवसागर, वारा फिरला की वास आमच्या दारात. एके दिवशी तो तिकडून आला नाही, आणला. सुजाता दुसरीत होती. मी रडत बसले नाही, त्याला वेळ लागतो. उन्हाळ्यात लोकांच्या घरी जाऊन कुरडया, शेवया, पापड करायची, बाकीच्या वर्षात भांडी घासायची. पोरगी शिकली. शिकून इतक्या लांब आली, आणि तिच्या घरात जिना उतरले तर तोच वास.

मी वर येऊन म्हणलं, "माझी बॅग काढ."

सुजाता म्हणाली, "अगं आई, प्रशांत बीअर करतो घरी. हॉबी आहे. इकडे अलाउड आहे."

"मला हॉबी सांगू नको."

तुम्ही खालून वर आलात. कोपरापर्यंत फेस होता हाताला. दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर चिडला असता. तुम्ही हात पुसले आणि म्हणलात, "आई, खाली या. तुमच्यासमोर करतो. ज्या दिवशी तुम्ही म्हणाल बंद, त्या दिवशी बंद. बायकोचं ऐकत नाही मी, पण तुमचं ऐकीन." सुजाता म्हणाली, "हे खरं आहे, ऐकत नाहीच."

मी आजवर बंद म्हणलं नाही. म्हणायला कधीही म्हणता आलं असतं.

मी खाली बसायची ते मदतीला, असं सगळ्यांना वाटायचं. तुम्ही मंडळात कौतुकानं सांगायचा, माझ्या सासूबाई माझ्या असिस्टंट आहेत. पाव्हणं, मी पहाऱ्याला बसत होते. तुम्ही किती पिता, चव घेता घेता किती पोटात जातं, हे बघायला. शनिवारी एक ग्लास, भज्यांबरोबर. दुसरा भरायला हात गेला की तुम्ही आधी माझ्याकडं बघायचा. मी नुसती बसलेली असायची. आणि तुम्ही बाटलीचं झाकण लावून टाकायचा. बाकीच्या बाटल्या ऑफिसातल्या लोकांना, टोनीला. मला दर वेळेला विचारायचा, "आई, एक घोट?" मी दर वेळेला नको म्हणायची. तुम्हाला ठाऊक होतं का, मी कशाला बसलेय ते? ठाऊक असल्यासारखे वागायचा. पण कधी बोलला नाहीत. आणि पुढं कधीतरी पहारा सुटला. क्रेटवर बसायची ती बसतच राहिले, पण तुमच्या ग्लासाकडं बघायचं राहून जायला लागलं. ते कधी झालं ते मला आठवत नाही, आणि ते न आठवणं आता फार टोचतं. का टोचतं तेही सांगता येत नाही.

हे बरणीतल्या ईस्टचं काय प्रकरण आहे ते अंक वाचणाऱ्यांना सांगते. मोड आणून वाळवलेला सातू असतो, तो गरम पाण्यात ठेवून त्याचं गोड पाणी काढायचं, कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि त्यात ईस्ट टाकायचं. ईस्ट म्हणजे ब्रेडमध्ये असतं तसंच, जिवंत असतं, गोड खातं आणि वाढतं. बादलीच्या झाकणात एक वाकडी नळी असते, तिच्यात पाणी. आत ईस्टचं काम चाललं की त्या पाण्यातून बुडबुडा निघतो, गुडुक करून. काम झालं की बुडबुडा थांबतो. मग वरची बीअर नळीनं काढून घ्यायची आणि खाली उरतो गाळ. पुष्कळ लोक तो गाळ टाकून देतात आणि पुढच्या वेळी नवीन पाकीट आणतात. तुम्ही टाकत नव्हता. गाळात उकळून गार केलेलं पाणी घालायचं, बादली हलवायची आणि थोडा वेळ ठेवायचं. जड कचरा खाली बसतो, आणि वर जे दुधासारखं पाणी राहतं त्यात ईस्ट असतं. ते दुधाळ पाणी बरणीत ओतून फ्रिजमध्ये ठेवायचं. पुढच्या वेळी तेच वापरायचं. झाकण सैल ठेवायचं, कारण आतलं ते श्वास घेतं.

मला हे पहिल्यांदा बघताना वाटलं, हे तर येतं मला. कुरडयांचा चीक असाच करतात. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळायचे, गाळायचे आणि ठेवून द्यायचं. सकाळी वरचं पाणी निथळून ओतून द्यायचं, खाली जो बसतो तो चीक. वरचं टाकायचं, खालचं ठेवायचं. आयुष्यभर हेच केलं.

म्हणून एकदा तुम्ही बादली हलवून ठेवलीत आणि ऑफिसचा फोन आला म्हणून वर गेलात, तेव्हा मी म्हणलं, माणूस कामात आहे, आपण आवरून ठेवू. बादली सिंकला टेकवली आणि वरचं सगळं दुधाळ पाणी अलगद, एक थेंब गाळ न जाऊ देता, ओतून दिलं. फार सुरेख ओतलं होतं मी. खाली मातीसारखा तपकिरी गाळ राहिला, तो चमच्यानं बरणीत भरला, बाहेरून बरणी पुसली आणि तुमची वाट बघत बसले.

तुम्ही आलात. बरणी उजेडात धरलीत. सिंककडं बघितलंत. परत बरणीकडं. मग क्रेटच्या बाजूला खालीच बसलात आणि हसायला लागलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आई, सगळी लेकरं नाल्यात सोडली तुम्ही, अन् घरातला केर सांभाळून ठेवला बाप्पा."

सुजाता जिन्यावरून विचारत होती काय झालं, काय झालं. तुम्ही म्हणलात, "काही नाही, तुझ्या आईनं कुरडया घातल्या."

मला लाज वाटली. मी म्हणलं, नवीन पाकिटाचे पैसे मी देते. तुम्ही म्हणलात, पैसे नको, कुरडया द्या. मग त्या उन्हाळ्यात मी खरंच बॅकयार्डमध्ये प्लॅस्टिक अंथरून कुरडया घातल्या, आणि टोनीच्या बायकोनं कुंपणावरून विचारलं हा कुठला पास्ता.

ते जे नवीन पाकीट आणलंत, त्याचंच हे पुढं चालत आलेलं. दर वेळेला थोडं वापरायचं, दर वेळेला गाळातून परत धरायचं. तेव्हापासून ओतायचं काम तुम्ही मला दिलंत. सुरुवातीला तुम्ही माझं मनगट धरायचा, म्हणायचा, "थांबा, थांबा, आता पांढरं यायला लागलं, हे आपलं. आता थांबा, तपकिरी आलं, ते नाही." आमच्यात जावई सासूचा हात धरत नाही. पण ते मला खटकलं नाही. मुलगा नव्हता मला.

म्हणून त्या रविवारी तुम्ही शेवटचं म्हणलात तेव्हा मला राग आला. तुम्हाला दिसला का?

"थकलं ते आता," तुम्ही म्हणलात. "इतक्या पिढ्या झाल्या, आई. चव बदलते. मागच्या वेळी थोडा वेगळा वास आला मला."

"मला नाही आला."

"तुम्ही पीत नाही ना."

"नाकाला प्यावं लागतं होय? माझ्याकडचं विरजण मंडळातल्या मार्कहॅमच्या बाईंकडून आणलेलं आहे, मी आल्या वर्षापासूनचं. मी कधी म्हणलं का थकलं म्हणून?"

"विरजण वेगळं, ईस्ट वेगळं."

"कसं वेगळं? दोन्ही जिवंतच ना?"

टोनी म्हणाला, "मामा इज राइट." त्याला एक शब्द कळला नव्हता. ईशा फोनमधून म्हणाली, "बाबा, जस्ट लिसन टू हर." तुम्ही तिला म्हणलात, "तू अभ्यास कर." मग तुम्ही मला समजावून सांगायला लागलात, ते पेशी आणि काय काय, तेवढ्यात सुजाता जेवायला बोलवायला लागली, भाकरी गार होतायत म्हणून. तुम्ही हात झटकलेत. बघू. बाटल्या भरताना बोलू.

बघू म्हणजे काय होतं पाव्हणं? ठरलं होतं की नव्हतं ठरलं? मी ते परत परत ऐकते मनात. कधी वाटतं तुमचं ठरलं होतं, मला बरं वाटावं म्हणून बघू म्हणलात. कधी वाटतं मी अजून एकदा बोलले असते तर हो म्हणला असता. तुम्ही माझ्यापुढं नमतं घ्यायचा, पण ईस्टच्या बाबतीत घेत नव्हता.

मग गुरुवार. त्याचं काही सांगत नाही. फ्युनरल होममध्ये तुमच्या ऑफिसचे लोक कोट घालून बोलले, सगळं चांगलंच बोलले, मला इंग्रजी जेवढं कळतं तेवढं कळलं. बेसमेंटचं नाव कुणी घेतलं नाही. घरात माणसं मावत नव्हती. बायका भाजी-पोळीचे डबे आणत होत्या, बूट दारात ढिगानं. आणि मी डबे ठेवायला खालच्या फ्रिजकडं गेले तर कोपऱ्यातून गुडुक. थोडं थांबून परत गुडुक.

वर लोक तुमच्याबद्दल होता, होता करून बोलतायत, आणि खाली तुम्ही रविवारी लावलेलं काम चालू आहे. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी क्रेटवर बसले. किती वेळ बसले ठाऊक नाही. सुजाता शोधत आली, जिन्यावरूनच म्हणाली, "आई, वर ये, लोक विचारतायत." मी म्हणलं, ऐक. ती म्हणाली, काय ऐकू? तेवढ्यात गुडुक झालं. तिनं कानावर हात ठेवले आणि वर गेली.

तेराव्याला गुरुजी फोनवरून सांगत होते. म्हणाले, त्यांना जे आवडायचं ते एका पानावर वाढा. कुणी म्हणालं साबुदाणा वडा, कुणी म्हणालं बासुंदी. ईशा माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं. बीअर म्हणायचं धाडस दोघींनाही झालं नाही. बासुंदी तुम्हाला आवडायची नाही, मला पक्कं ठाऊक आहे, तुम्ही वाटी हळूच माझ्याकडं सरकवायचा. तरी पानावर बासुंदी गेली.

आलेल्यांपैकी एक बाई स्वयंपाकघरात दुसरीला म्हणाली, "घरातच करायचा म्हणे." पुढं काही म्हणाली नाही. मी सुजाताला डॉक्टरांना विचारायला लावलं, एकदा विचारून झाल्यावर परत लावलं. डॉक्टर दोन्ही वेळा म्हणाले, बीअरचा ह्याच्याशी संबंध नाही, हृदयाचंच होतं, आधी कळलं नाही. मी मान्य केलं. मान्य केलं म्हणजे काय केलं ते मला सांगता येत नाही. एका माणसाला घेऊन गेलं ते आंबलेलंच होतं, आणि तुमच्या हातचं होतं तेही आंबलेलंच. त्या वासानं मी बॅग भरायला निघाले होते. आता बुडबुडे कमी व्हायला लागले तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. ही काय तऱ्हा झाली? तुम्ही असता तर विचारलं असतं. तुम्ही असता तर विचारायचं कारणच नव्हतं.

मग नळी शांत झाली. एक दिवस गेले तर काही नाही. दुसऱ्या दिवशी गेले, काही नाही. टोनी त्याच्या गॅरेजमध्ये वाइन करतो, म्हणून त्याला बोलावलं. तो आला, टोपी काढून बादलीसमोर उभा राहिला, देवळात राहतात तसा. मग दोघांनी मिळून बीअर बाटल्यांत भरली. बाटलीत गॅस धरायला थोडी साखर घालतात, ती किती ते त्याला ठाऊक नव्हतं, मला नुसती तुमची वाटी ठाऊक होती, ती कुठपर्यंत भरायचा ते नाही. अंदाजानं घातली. सुजाता म्हणाली, फुटतील त्या बाटल्या. आणि वरून जुनं ब्लँकेट फेकलं, झाकायला.

गाळ राहिला. टोनी म्हणाला, हे तो नेहमी टाकून देतो, बागेत. ईस्ट धरायचं त्याला येत नाही. मी उकळून गार केलेलं पाणी तयार ठेवलं होतं.

सुजाता जिन्यावरून म्हणाली, "आई, टाकून दे ते. तो म्हणाला होता ना, शेवटचं."

"ते म्हणाले होते बघू."

"मी होते तिथं. शेवटचं म्हणाला तो."

"मीही तिथंच होते. बघू म्हणाले ते."

"आई, प्लीज. त्याचं म्हणणं कधीतरी ऐकू या ना आपण."

ती बायको आहे. तिनं ऐकलं तेही खरं. मी बादली हलवली आणि ठेवून दिली आणि म्हणलं, आता हे बसेपर्यंत तरी थांब. बसायला वेळ लागतो. सुजाता एक पायरी खाली आली, मग आणखी एक. मग शेवटच्या पायरीवर बसली. नाकाला ओढणी लावली होती तिनं, नंतर काढली. म्हणाली, "हाच वास यायचा त्याच्या शर्टाला. मी ओरडायची." टोनी हळूच निघून गेला.

मग मी बादली उचलली आणि काय सांगू, हात आपोआप सिंककडं निघाला. वरचं ओतून द्यायला. इतकी वर्षं तुम्ही शिकवलंत, तरी हात कुरडयांकडंच गेला. मी थांबले. मनगटावर कुणी धरलं नव्हतं. माझं मीच थांबले. बरणी पुढं ओढली आणि पांढरं यायला लागल्यावर ओतायला लागले. आता हे आपलं. तपकिरी आल्यावर थांबले. सुजाता बघत होती. टाक म्हणाली नाही, ठेव म्हणाली नाही. मी बरणी फ्रिजमध्ये ठेवली, झाकण सैल.

ह्यालाही आता बरेच दिवस झाले. बर्फ गेला. बरणीत खाली पांढरा थर आहे, वर पिवळं पाणी. थर पहिल्यासारखा पांढरा नाही वाटत मला, थोडा राखाडी वाटतो. का माझे डोळे तसे झालेत? टोनीनं वास घेतला, म्हणाला गुड, गुड. तो सगळ्यालाच गुड म्हणतो. ईशानं इंटरनेटवर बघितलं, म्हणाली, "आज्जी, मे बी. इट डिपेन्ड्स." मी म्हणलं कशावर? ती म्हणाली, "ऑन लॉट्स ऑफ थिंग्ज." इतकं शिकून पोरगी तिथंच येऊन थांबली जिथं मी आहे. मग रडायला लागली, म्हणाली, "बाबा वुड नो." मी म्हणलं हो, त्यांना कळलं असतं.

बाटल्या फुटल्या नाहीत. एक उघडली, ईशा आली होती तेव्हा. तिनं आणि सुजातानं ग्लासात घेतली. सुजाता म्हणाली, फ्लॅट आहे, साखर कमी पडली. तरी दोघींनी संपवली. मला विचारलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं, पाव्हणं. कडू लागलं. थकल्याची चव कशी असते ते मला ठाऊक नाही, म्हणून तुमचं बरोबर होतं का माझं, ते त्यातूनही कळलं नाही. इतकी वर्षं तुम्ही एक घोट एक घोट करत होता, तेव्हा घेतला असता तर आज निदान ताडून बघता आलं असतं.

आता सुजाता घर विकायचं म्हणते. एकटीला झेपत नाही, ऑफिसजवळ काँडो बघतेय. तिचं चूक नाही. एजंट येऊन गेली, म्हणाली बेसमेंट रिकामं करा, जुना फ्रिज काढा. बरणी वरच्या फ्रिजमध्ये ठेवली तर सुजाता दूध काढताना रोज बघणार. टाकून दिली तर तुमचं ऐकल्यासारखं होईल, आणि मग ते बोलणं संपलं. ठेवली तर माझं खरं केल्यासारखं होईल, तुम्ही नसताना. मला तुमच्यावर अशी कुरघोडी करायची नाही. मला तुमच्याकडून हरायचं होतं, नाहीतर जिंकायचं होतं, पण समोरासमोर.

आणि ते जिवंत आहे का तेच मला ठाऊक नाही. सातूचं गोड पाणी करून थोडं त्यात टाकलं की कळतं, फेस आला तर आहे. तुम्हाला करताना शंभरदा बघितलं. पण सातू किती, पाणी किती गरम, ते तुमच्या हातात होतं, माझ्या नाही. आणि खरं सांगू, भीती वाटते. फेस नाही आला तर मी काय करू? बरणी फ्रिजमध्ये आहे तोवर मी सकाळी जाऊन झाकण सैल आहे का बघून येते. तेवढं एक काम आहे.

तुम्ही मला कधी परक्यासारखं वागवलं नाही. त्याबद्दल काही म्हणायचं राहून गेलं. आमच्यात असं म्हणत नाहीत, म्हणून राहिलं. आणि त्या वासाची मला आता भीती वाटत नाही, हे सांगायचंही राहिलं. ते तुमच्यामुळं. एवढं मला नक्की कळतंय. बाकीचं सगळं धूसर आहे.

आता जे कुणी हे वाचत असेल त्यांना सांगते. टोरंटोच्या आसपास आपल्या लोकांत कुणी घरी बीअर करत असेल, तर घर जायच्या आत एकदा या. मंडळात विचारलंत तर पत्ता देतील. बाजूच्या दारानं या, बेसमेंटचा जिना तिकडंच आहे. येताना सातूचं गोड पाणी करून आणा, मला ते येत नाही. बरणीतलं थोडं त्यात टाका आणि माझ्यासमोर बघा. फेस आला तर अर्धं तुम्ही घेऊन जा, वापरा, आणि पुढं कुणाला तरी द्या. फेस नाही आला तर माझं मन राखायला गुड गुड म्हणू नका. सरळ सांगा की मेलं आहे. मला सांगा, सुजाताला मी सांगेन.